ऑघनन्यूरचा बुरूजवाडा व त्याचा पडलेला दिवाणखाना

(१) प्रास्ताविक

आयर्लंडच्या पश्चिमेस गॉलवे परगण्यांत कॉरिब नांवाचें मोठें सरोवर आहे. त्याच्या पश्चिम तीराजवळ, ऊख्टरार्ड गांवाच्या आग्नेयीस सुमारें दोन मैलांवर, ऑघनन्यूर या नांवाची एक जुनी वास्तु उभी आहे. 'यू' नांवाच्या सदाहरित वृक्षांचें शेत असा या आयरिश नांवाचा अर्थ होतो. ही वास्तु ओफ्लाहर्टी कुळाच्या नायकांची असून तिचा मुख्य भाग इ. स. १५०० च्या सुमाराचा मानण्यांत येतो. प्रस्तुत लेखांत तिच्या रचनेचें वर्णन देऊन तिच्या आधारें एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो प्रश्न असा कीं, जुन्या वास्तूचा जेवढा भाग टिकला तेवढ्यावरूनच ती बांधणारांच्या राहणीविषयीं जें मत बनतें, तें कितपत ग्राह्य धरावें?

ओफ्लाहर्टी कुळाची कीर्ति फारशी चांगली नाहीं. गॉलवे शहरांतील व्यापारी नागरिकांस या शेजाऱ्यांची मोठी धास्ती असे. त्यांच्या कोपापासून परमेश्वरानें रक्षण करावें अशा अर्थाची प्रार्थना शहराच्या पश्चिम वेशीवर लिहिलेली होती, असें परंपरा सांगते. ऑघनन्यूर येथें जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतो तो सहा मजली, खालीं अरुंद झरोक्यांचा व वर चर्यांनीं वेढलेला दगडी बुरूज. तो पाहून परंपरेची साक्ष पटल्यासारखी वाटते, आणि हें केवळ लढवय्यांचें ठाणें असावें असा ग्रह होतो. हा ग्रह एकांगी आहे, आणि त्याचें खंडन त्याच आवारांतील एका पडक्या भिंतींत मिळतें, हें आम्हांस दाखवावयाचें आहे.

(२) बुरूजवाडा म्हणजे काय

पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आयर्लंडांतील सरदार, जमीनदार व धनिक व्यापारी यांनीं राहण्याकरितां ज्या उंच, चौकोनी, बुरुजासारख्या वास्तू बांधल्या, त्यांस इंग्रजींत 'टॉवर हाउस' म्हणतात. आम्ही त्यांस 'बुरूजवाडा' म्हणूं. आपला 'गढी' हा शब्द जवळचा खरा, पण गढींत तट मुख्य असून घर त्याच्या पोटांत असतें. येथें घरच उंच उभें राहून तटाचें काम करितें. आयर्लंडमधील लहानमोठ्या किल्ल्यांची संख्या ३,००० च्या जवळपास धरितात, आणि त्यांतील बहुसंख्य हे बुरूजवाडेच होत. लिमरिक, कॉर्क, टिपरेरी, गॉलवे व क्लेअर या परगण्यांत त्यांची दाटी विशेष आहे. नॉर्मन वंशाच्या सरदारांनीं ते बांधले, तसेच मूळच्या आयरिश नायकांनींहि बांधले.

या प्रकाराच्या उगमाविषयीं मतभेद आहे. इ. स. १४२९ मध्यें राजा सहावा हेन्री याच्या कारकीर्दींत असा कायदा झाला कीं, डब्लिन, मीथ, किल्डेअर व लाउथ या परगण्यांतील जो प्रजाजन दहा वर्षांच्या आंत किमान २० फूट लांब, १६ फूट रुंद व ४० फूट उंच किल्ला बांधील त्यास १० पौंड द्यावे. आयर्लंडच्या राष्ट्रीय स्मारकांचे निरीक्षक हॅरल्ड लीस्क यांनीं आपल्या इ. स. १९४१ च्या ग्रंथांत या 'दहा पौंडी' किल्ल्यांस महत्त्व देऊन बुरूजवाड्यांचा उगम त्यांच्याशीं जोडला. पुढील संशोधकांनीं यावर आक्षेप घेतला. कायदा लांबीरुंदी इतकी नेमकी सांगतो, त्या अर्थीं असला आकार लोकांच्या परिचयाचा पूर्वींच झालेला असला पाहिजे. आणि ज्या परगण्यांत बुरूजवाडे अधिक आहेत ते बहुतेक या कायद्याच्या हद्दीबाहेरचे आहेत. आम्हांस हा आक्षेप सबळ वाटतो. कॉरिबच्या पश्चिमेस तर इंग्रज राजाची सत्ता त्या काळीं नांवापुरतीच होती. तेथील नायकानें डब्लिनकडील बक्षिसाच्या आशेनें घर बांधलें असें म्हणतां येत नाहीं. त्यानें तें बांधलें तें आपल्या बरोबरीचे सरदार तसें बांधीत होते म्हणून, आणि त्यांत राहतां येत होतें म्हणून.

(३) बुरुजाची रचना

बुरूजवाड्याचा पाया जाड व बाहेर उतरता असतो, त्यामुळें भिंतीचा बुंधा रुंद होऊन वर निमुळता होत जातो. दरवाजा तळमजल्यावर एकच व लहान असतो. त्याच्या बरोबर वर, थेट माथ्याशीं, तोड्यांवर पुढें काढलेला दगडी सज्जा असून त्याच्या तळास फटी ठेविलेल्या असतात. दार फोडूं पाहणारावर त्यांतून दगड टाकतां येत. दाराच्या आंत लहानशी देवडी असते व तिच्या छतासहि एक चौकोनी भोंक असतें. म्हणजे शत्रु आंत शिरला तरी तो या देवडींत कोंडला जाऊन वरच्या मजल्यावरील माणसाच्या टप्प्यांत येई. देवडींतून एक वाट तळमजल्याच्या कोठीकडे व दुसरी भिंतीच्या जाडींत काढलेल्या चक्री जिन्याकडे जाते.

मजल्यांपैकीं एकदोन मजल्यांवर दगडी कमानीचें छत असतें, इतरांची जमीन लांकडी असे. बहुतेक ठिकाणीं लांकूड नाहींसें झालें असून तुळया टेकविण्याचे तोडे तेवढे राहिले आहेत. किल्केनी परगण्यांतील क्लॅरा येथें मात्र ओकच्या मूळ तुळया अद्याप जागेवर आहेत. दगडी छत बांधतांना खालीं लांकडी कालबूत उभारून त्यावर काटक्यांनीं विणलेली कुडाची चटई पसरीत, तिजवर चुना घालीत व मग दगड रचीत. चुना सुकल्यावर कालबूत काढून घेत, पण विणकामाचा ठसा चुन्यांत कायम राही. असे ठसे शेंकडों ठिकाणीं स्पष्ट दिसतात. कित्येक जागीं चटईची काडीहि चुन्यांत अडकून राहिली आहे, आणि अलीकडे अशा काड्यांच्या कार्बन-परीक्षेनें बांधकामाचा काळ ठरविण्याचे प्रयत्न झाले आहेत. ज्या वास्तूस शिलालेख नाहीं तिच्यासाठीं कुडाची काडी हाच दस्तऐवज होय.

आतांपर्यंत सांगितलें तें संरक्षणाचें. पण त्याच भिंतींत दुसऱ्या प्रकारच्या खुणाहि आहेत. जसजसें वर जावें तसतशा खिडक्या रुंद होत जातात व त्यांच्या कमानींस डौल येतो. खिडकीच्या कोनाड्यांत दोहों बाजूंस दगडी बैठकी असतात. तेथें उजेडांत बसून शिवण, वाचन अथवा गोष्टी करीत. भिंतींत कपाटें असतात, सांडपाण्याचे दगडी पन्हळ असतात, आणि स्वतंत्र शौचकूप असून त्याची नळी भिंतीच्या पोटांतून खालीं काढलेली असते. केवळ पहाऱ्याच्या नाक्यास एवढी तजवीज लागत नाहीं.

(४) ऑघनन्यूरचें आवार

ऑघनन्यूरची जागा चुनखडीच्या खडकावर आहे. येथें ड्रिम्नीन नांवाची लहान नदी वास्तूस वळसा घालून कॉरिब सरोवराकडे जाते, आणि कांहीं अंतर ती खडकाच्या खालून, नैसर्गिक बोगद्यांतून वाहते. खंदक खणण्याचें काम अशा रीतीनें नदीनेंच केलेलें आहे. मुख्य बुरुजाच्या माथ्यास आयरिश धर्तीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या चर्या असून चारी बाजूंच्या मध्यावर वर वर्णिलेला सज्जा आहे. दोन कोपऱ्यांवर मध्यभागीं पुढें काढलेले लहान पहाऱ्याचे कोनाडे आहेत.

बुरुजाभोंवतीं आवार असतें त्यास आयर्लंडांत 'बॉन' म्हणतात. मूळ आयरिश शब्द 'बाधून'. त्याची फोड 'बो' म्हणजे गाय व 'दून' म्हणजे कोट अशी करण्यांत येते. हा 'बो' आणि आपला संस्कृत 'गो' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत, हें भाषाशास्त्र्यांस मान्य आहे; तेव्हां 'बॉन' यास गोकोट म्हणण्यास हरकत नाहीं. गुरें हेंच त्या देशीं मुख्य धन असल्यामुळें रात्रीं अगर धामधुमींत तीं या कोटांत आणीत. ऑघनन्यूर येथें असे दोन कोट, एक आंतील व एक बाहेरील पडकोट, आहेत, आणि ही गोष्ट नेहमींची नाहीं. आंतील कोटाची भिंत बरीचशी ढासळली. तिच्या कोपऱ्यावरील वाटोळा बुरूज मात्र आपल्या दगडी छपरासह एकटा उभा राहिला आहे.

बाहेरील कोटांत नायकाचा मेजवानीचा दिवाणखाना होता. तो स्वतंत्र, प्रशस्त व दगडी होता. त्याच्या खालील खडकाचें छत नदीच्या बोगद्यांत कोसळलें आणि दिवाणखान्याचा बहुतेक भाग त्याबरोबर गेला. आज त्याची पूर्वेकडील भिंत तेवढी उभी आहे. या भिंतींतील खिडक्यांच्या आंतल्या बाजूस, कमानीच्या पोटास, द्राक्षवेलीचीं पानें व द्राक्षांचे घोंस यांचें उठावाचें नाजूक कोरीव काम आहे. सर्व आवारांत पाहणाराचें लक्ष वेधणारें कोरीव काम आहे तें या पडक्या भिंतीवर. हें नीट लक्षांत घ्यावें. द्राक्षांचे घोंस बाहेरच्या शत्रूस दिसत नाहींत. ते आंत बसलेल्या पाहुण्यास दिसतात.

(५) दोन समकालीन साक्षी

दिवाणखान्याचें महत्त्व केवळ एका भिंतीवरून ठरवूं नये, म्हणून लेखी पुरावा पाहूं. डब्लिनचा विद्वान् रिचर्ड स्टॅनिहर्स्ट यानें इ. स. १५८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आयर्लंडविषयक लॅटिन ग्रंथांत आयरिश नायकांच्या किल्ल्यांचें वर्णन दिलें आहे. त्याचा आशय असा कीं, किल्ल्यास लागून मातीचीं बांधलेलीं व गवतानें शाकारलेलीं बरींच मोठीं दालनें असतात. मेजवान्या तेथें होतात, पण निजावयास मंडळी किल्ल्यांत जातात, कारण वारा असला म्हणजे शत्रूस गवती छपर पेटवितां येतें.

दुसरा साक्षीदार ल्यूक गर्नन. हा इंग्रज कायदेपंडित मन्स्टर प्रांतांत न्यायाधीश होता व त्यानें इ. स. १६२० च्या सुमारास आयर्लंडचें वर्णन लिहिलें. त्याच्या सांगण्याप्रमाणें जिने अरुंद असतात व दिवाणखाना सर्वांत वरच्या मजल्यावर असतो. पाहुण्यानें घोड्यांची चिंता करूं नये, त्यांची सोय कुळांकडे होते. घरची बाई परिवारासह सामोरी येते, अनेक प्रकारचीं पेयें पुढें होतात, दिवाणखान्याच्या मधोमध विस्तव पेटलेला असतो, आणि एकदां वर गेलेला पाहुणा दुसऱ्या दिवसापर्यंत खालीं येत नाहीं.

हे दोघे परस्परविरुद्ध बोलतात काय? एक दिवाणखाना बाहेर सांगतो, दुसरा माथ्यावर. आमच्या मतें हा विरोध खरा नाहीं. प्रदेशपरत्वें व काळपरत्वें दोन्ही चाली असल्या पाहिजेत, आणि दोहोंस वास्तूंचा पाठिंबा आहे. गर्नन म्हणतो तसा मजल्याच्या मधोमध विस्तव ठेवावयाचा तर जमीन लांकडी असून चालणार नाहीं, खालीं दगडी कमानच पाहिजे. आणि अनेक बुरूजवाड्यांत सर्वांत वरच्या दालनाखालीं नेमकी अशी कमान आढळते. उलटपक्षीं, कांहीं बुरुजांच्या बाहेरील अंगास शेजारच्या छपराच्या उताराची तिरपी खूण राहिली आहे. ती स्टॅनिहर्स्टच्या दालनांची साक्ष देते. दोघांचें ज्यावर एकमत आहे तें असें कीं, नायकाची प्रतिष्ठा दिवाणखान्यांत होती. तो कोणास व कसें जेवूं घालितो यावरून त्याची योग्यता ठरत असे.

ऑघनन्यूरची मांडणी स्टॅनिहर्स्टच्या वर्णनाशीं जुळते. फरक इतकाच कीं, येथील दिवाणखाना मातीचा नसून दगडी होता. यावरून एक महत्त्वाचें अनुमान निघतें. दगडी होता म्हणूनच त्याची एक भिंत तरी उरली. मातीचा व गवताचा असता तर जागा सपाट झाली असती आणि मागें उरता केवळ बुरूज. आज जे शेंकडों बुरूज माळावर एकाकी दिसतात, त्यांतील कितींच्या शेजारीं असें दालन होतें तें डोळ्यांस दिसावयाचें नाहीं. तेथें खोदकामच केलें पाहिजे. तोंपर्यंत त्या एकाकीपणावरून त्यांच्या धन्याच्या वृत्तीचें अनुमान करणें अशास्त्रीय होय.

येथें कोणी म्हणेल कीं, दिवाणखाना बुरुजाहून मागाहूनचा असेल, आणि एका उदाहरणावरून सर्वांविषयीं नियम बसवितां येत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. पण तो मागाहूनचा असला तरी बांधणारें कूळ तेंच होतें, आणि संपत्ति हातीं येतांच तिचा व्यय त्यांनीं कशावर केला हेंच येथें पाहावयाचें आहे.

(६) कुळाचा वृत्तांत व एक दंतकथा

ओफ्लाहर्टी मूळचे कॉरिबच्या पूर्वेकडील मॉय सोला या सुपीक मैदानाचे धनी. तेराव्या शतकांत डी बर्गो नांवाच्या नॉर्मन घराण्यानें त्यांस तेथून हुसकून सरोवराच्या पश्चिमेस लोटलें. पुढें त्याच खडकाळ मुलखांत त्यांनीं सत्ता जमविली. प्रसिद्ध दर्यासारंग स्त्री ग्रेस ओमॅली, जिनें इ. स. १५९३ मध्यें एलिझाबेथ राणीची भेट घेतली, तिचा पहिला पति याच कुळांतला. इ. स. १५७२ मध्यें कॉनॉट प्रांताचा अध्यक्ष सर एडवर्ड फिटन यानें ऑघनन्यूर जिंकून घेतलें, व तें राणीच्या पक्षास मिळालेल्या मरो नांवाच्या कनिष्ठ शाखेच्या पुरुषाच्या हातीं गेलें. क्रॉम्वेलच्या सैन्यापुढें गॉलवे शहर इ. स. १६५२ मध्यें पडलें. त्यानंतरच्या जप्त्यांत कुळाचें वैभव संपलें.

दिवाणखान्याविषयीं तिकडे एक कथा सांगतात. त्याच्या फरशींत एक दगड बिजागरीवर बसविलेला होता, आणि नकोशा पाहुण्यास त्यावर उभें करून खालच्या नदींत लोटून देत. खंड मागावयास आलेल्या एका बर्कपुत्राची अशीच वाट लागली म्हणतात. दिवाणखान्याखालून नदी वाहत होती व त्याची फरशी नदींत गेली, या दोन गोष्टी निर्विवाद आहेत. आमच्या मतें फरशी कोसळल्याची आठवणच पुढें पाहुणा लोटल्याच्या कथेंत रूपांतरित झाली असावी. म्हणजे जी जागा आतिथ्याची, तिच्या नाशामुळेंच ती विश्वासघाताची ठरली. शत्रूंनीं लिहिलेल्या इतिहासास अशी कथा सोयीची होते.

(७) कुळाचे कागद

इमारतीची जी गत तीच कागदांची. आयरिश नायकाच्या पदरीं वंशपरंपरेचे वैद्य, कवि व इतिहासकार असत. ओफ्लाहर्टींचे वैद्य ओली नांवाचें घराणें. त्यांचा पंधराव्या शतकांतील एक वैद्यक ग्रंथ डब्लिन येथील रॉयल आयरिश अकॅडमीच्या संग्रहांत आहे. मूळ अरबी ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराचा हा आयरिश अवतार असून रोग, लक्षणें व उपचार हे सारण्यांच्या घरांत मांडलेले आहेत. या ग्रंथावरहि कथेचें पुट चढलें. घराण्यांतील मरो ओली नांवाच्या पुरुषास समुद्रांतील 'ओब्राझील' या अद्भुत बेटावर नेण्यांत आलें व तेथें त्यास हें पुस्तक मिळालें, असें लोक सांगूं लागले. बगदादकडील विद्या लॅटिनमार्गें कॉरिबच्या तीरापर्यंत पोंचली व नायकाच्या वैद्यानें ती आपल्या भाषेंत उतरून घेतली, हा खरा वृत्तांत त्या कथेहून अधिक अद्भुत आहे.

या कुळाच्या मॉयकुलेन शाखेंत इ. स. १६२९ मध्यें रॉडरिक ओफ्लाहर्टी हा इतिहासकार जन्मला. दुआल्ताख मॅक फिर्बिस या शेवटच्या थोर परंपरागत वंशवेत्त्याजवळ तो शिकला. जप्तींत जमीन गेली तरी त्यानें लेखणी सोडली नाहीं. 'ओगीजिया' हा त्याचा आयर्लंडच्या प्राचीन इतिहासाचा लॅटिन ग्रंथ इ. स. १६८५ मध्यें लंडनला छापला गेला. त्याच्या आदल्या वर्षीं विल्यम मॉलिन्यू यांच्याकरितां त्यानें पश्चिम कॉनॉटचें भूवर्णन लिहिलें होतें. मरो ओलीच्या बेटावरील कल्पित प्रवासाची नोंद याच वर्णनांत आहे. इ. स. १७०९ मध्यें विल्यमचा पुत्र सॅम्युएल त्यास भेटावयास गेला. जुनीं आयरिश हस्तलिखितें पाहावयास मिळतील ही त्याची आशा होती. पण अत्यंत दारिद्र्यांत दिवस कंठणाऱ्या त्या वृद्धाजवळ स्वतःचें थोडें लिखाण व कांहीं छापील पुस्तकें यांपलीकडे कांहीं उरलें नव्हतें.

भूवर्णनाचें हस्तलिखित सुदैवानें डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयांत राहिलें. इ. स. १८४६ मध्यें, म्हणजे लेखनानंतर १६२ वर्षांनीं, आयरिश आर्किऑलॉजिकल सोसायटीनें जेम्स हार्डिमन यांच्या विस्तृत टिपांसह तें प्रसिद्ध केलें. पश्चिम कॉनॉटच्या इतिहासाचा तें पुस्तक आजहि आधार आहे. पुढें इ. स. १८६७ मध्यें सर विल्यम वाइल्ड यांनीं कॉरिब सरोवरावरील ग्रंथांत ऑघनन्यूरचें वर्णन दिलें. हल्लीं ही वास्तु सरकारच्या ताब्यांत असून बुरुजाची दुरुस्ती होऊन तो लोकांस पाहण्यास खुला आहे.

(८) निष्कर्ष

वरील विवेचनाचें तात्पर्य असें: पहिलें, ऑघनन्यूरचा बुरूज हा एकटा किल्ला नसून दोन कोट व एक दिवाणखाना मिळून झालेल्या घराचा एक भाग आहे. दुसरें, त्या घरांत कलेवर जो खर्च झाला तो पाहुण्याच्या दृष्टीस पडेल अशा जागीं झाला. तिसरें, बुरूज टिकला तो त्याच्या जाड भिंती भक्कम खडकावर होत्या म्हणून, आणि दिवाणखाना पडला तो त्याच्या खालचा खडक नदीनें पोखरला म्हणून. या दोहोंचा धन्याच्या स्वभावाशीं कांहीं संबंध नाहीं. तरी पुढील पिढ्यांनीं उभ्या बुरुजावरून त्यास लढवय्या ठरविलें व पडलेल्या दिवाणखान्यावरून विश्वासघातकी ठरविलें.

हा विचार जुन्या वास्तू व जुने कागद जमविणाऱ्या सर्वांनीं करण्यासारखा आहे. हस्तलिखितांतहि जाड पुठ्ठ्याचा मुख्य ग्रंथ राहतो आणि यादी, हिशोब, मेजवानीच्या सामानाची टांचणें हे सुटे बंद अगोदर नष्ट होतात. म्हणून कोणतीहि वास्तु मोजतांना उभ्या भागाबरोबर भोंवतालचे ढीग, जोतीं व भिंतींवरील छपराच्या खुणाहि मोजून नोंदवाव्या. कोणताहि संग्रह तपासतांना सुटे बंद रद्दींत टाकण्यापूर्वीं त्यांची नक्कल करावी. आणि ज्यांच्या घरीं एकच प्रत आहे त्यांनीं ती कोणत्या तरी सार्वजनिक संग्रहांत नोंदवून ठेवावी. रॉडरिकच्या घरांतील पोथ्या गेल्या. ट्रिनिटी कॉलेजांतील एक प्रत राहिली, आणि त्या एका प्रतीमुळें त्याच्या मुलखाचें वर्णन आज वाचावयास मिळतें.